पॅनेलचं दार कोणी उघडायचं?

तारतम्य:
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा लवकर हवाय.

गेल्या महिन्यात कारखान्यातल्या विद्युत सुरक्षेचं काम माझ्या गळ्यात पडलं. इलेक्ट्रिकलची पदवी आहे, पण आजवरची नोकरी ड्रॉइंग आणि खरेदी यांतच गेली. हातात पक्कड धरली ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तीच शेवटची. वरून पहिलंच फर्मान आलं की ‘पात्र व्यक्तीं’ची यादी करा आणि प्रत्येक पॅनेल रूमच्या दारावर लावा. यादीत नाव नाही त्याने पॅनेल (विजेच्या स्विचांचं कपाट) उघडायचं नाही.

वाटलं, अर्ध्या तासाचं काम. वही घेऊन बसलो आणि पहिल्या चार नावांतच गाडी अडली. एक गृहस्थ २२ वर्षं मेंटेनन्समध्ये आहेत. मोटरचा आवाज ऐकून कोणत्या बाजूचं बेअरिंग गेलं ते सांगतात, पण कागद म्हणाल तर एकही नाही. दुसरा मुलगा मागच्या वर्षी लागला. परवाना आहे, गुणपत्रिका बघून हेवा वाटावा. परवा त्याला कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) बदलायला सांगितला तर तो कॉन्टॅक्टरकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागला. तिसरे कंत्राटदाराचे लोक, ज्यांचे चेहरे दर महिन्याला बदलतात. आणि चौथा एक मशीन ऑपरेटर. तो इलेक्ट्रिकलचा नाहीच, पण रात्रपाळीत ओव्हरलोड रिले (भार वाढला की मोटर बंद पाडणारा) ट्रिप झाला की पॅनेल उघडतो, आतलं निळं बटण दाबतो आणि मोकळा होतो. त्याचं नाव घालायचं का? नाही घातलं तर उद्यापासून रात्री मशीन बंद आणि फोन मला.

तर प्रश्न असा: पात्र म्हणजे नक्की कोण? कागद बघायचा, वर्षं मोजायची, की आणखी काही?

जुना_फोरमन:
तारतम्यराव, मी ३५ वर्षं याच कामात काढून निवृत्त झालो. तरी सांगतो, त्या २२ वर्षंवाल्यांचं नाव डोळे झाकून घालू नका.

माझ्या नोकरीचं अठरावं वर्ष. कन्व्हेयरचं पॅनेल, महिन्यातून दोनदा तरी उघडायचो. मेन आयसोलेटर, म्हणजे पॅनेलचा मुख्य स्विच, खाली केला, हँडलला माझं कुलूप घातलं, तिन्ही फेजना टेस्टर लावून बघितला, काही नाही. मग खालच्या टर्मिनल पट्टीवरची एक सैल वायर घट्ट करायला स्क्रूड्रायव्हर घातला आणि करंगळी टर्मिनलला टेकली. खांद्यापर्यंत हात झणझणला, मागच्या रेलिंगवर जाऊन आदळलो. ती वायर येत होती शेजारच्या पॅनेलमधून, इंटरलॉकसाठी (एक यंत्र दुसऱ्यावर अवलंबून ठेवायची जोडणी). या पॅनेलचा मेन बंद असो की चालू, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

वायरचा रंग नारिंगी होता. मशीनच्या वायरिंगमध्ये नारिंगी म्हणजे मेन काढला तरी जिवंत राहणारं सर्किट, हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. १८ वर्षांत मला तो कोणी सांगितला नाही आणि मीही कोणाला विचारला नाही. मी धरून चाललो होतो की पॅनेल बांधणाऱ्याकडे तेव्हा नारिंगी वायरच शिल्लक असेल.

वर्षं मोजली असती तर मी पात्रच होतो. त्या एका वायरीपुरता नव्हतो.

शंकासुर:
आमच्याकडे ही यादी फार सोपी आहे. ज्याच्याकडे पॅनेल रूमची चावी तो पात्र. चावी सिक्युरिटीवाल्याकडे असते.

गुल_बत्ती:
आणि ज्याला चावी सापडत नाही तो सुरक्षित. (दिवे घ्या)

अर्धमात्रा:
मी प्रशिक्षणाच्याच क्षेत्रात आहे, तेव्हा थोडं लांबण लावते.

फोरमनकाकांच्या शेवटच्या वाक्यात उत्तर आलंच आहे. अमेरिकेत ओशा या सरकारी संस्थेचे कामाच्या जागेच्या सुरक्षेचे नियम आहेत. त्यांतली पात्र व्यक्तीची व्याख्या वाचा, तिच्यात पदवीही नाही आणि वर्षंही नाहीत. त्या उपकरणाची रचना, ते कसं चालतं आणि त्यात धोका कुठे आहे याचं प्रशिक्षण मिळालेलं असावं आणि ते येतं हे त्या माणसाने करून दाखवलेलं असावं. ‘करून दाखवलेलं’ या शब्दांवर सगळी मदार आहे. एकच माणूस एका उपकरणासाठी पात्र आणि दुसऱ्यासाठी अपात्र असू शकतो, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. उघड्या जिवंत भागांजवळ जाणाऱ्याला निदान तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: इतर भागांतून जिवंत भाग ओळखता येणं, त्यावर व्होल्टेज किती हे ठरवता येणं, आणि तेवढ्या व्होल्टेजपासून किती अंतर राखायचं हे ठाऊक असणं.

युरोपातल्या ईएन ५०११० या मानकात माणसांच्या तीन पायऱ्या केल्यात: विजेच्या कामात कुशल, नेमकी सूचना दिलेला, आणि सामान्य. तुमचा ऑपरेटर फार तर मधल्या पायरीवर बसेल. पण मुळात त्याला दार उघडायला लागतंच कशाला? दारावर बसवायचं रीसेट बटण मिळतं. त्याचा लांब दांडा आतल्या रिलेचं बटण बाहेरून दाबतो. ते बसवा, तुमची एक चिंता मिटली.

आणि रिले वारंवार ट्रिप का होतो, हे कोणी बघितलंय का?

परवान्याबद्दल: जिथे कायदा मागतो तिथे तो हवाच, त्यात तडजोड नाही. पण परवाना म्हणजे काम करायची मुभा. हेच पॅनेल येतं, असा त्याचा अर्थ होत नाही.

तारतम्य:
बटण बाहेर आणायचं सुचलंच नाही! आणि ट्रिप का होतं हे खरंच कोणी बघितलेलं नाही. (खजील झालेली बाहुली)

मेगर_मामा:
फोरमनकाका, राग मानू नका, पण ‘टेस्टर लावून बघितला’ म्हणजे तो निऑनचा पेन टेस्टर ना? त्याच्या भरवशावर ‘सप्लाय नाही’ म्हणणारा माणूस माझ्या यादीत बसत नाही.

त्या टेस्टरचं सर्किट तुमच्या अंगातून जमिनीकडे पूर्ण होतं. पायाखाली रबराची मॅट, अंगावर जाड तळाचे कोरडे बूट, वर लख्ख उजेड, की फेज असूनही दिवा दिसत नाही. पेटला तर सप्लाय आहे हे खरं. नाही पेटला म्हणजे सप्लाय नाही, हे मात्र खरं नव्हे. आणि आपल्याला कळायला हवं असतं नेमकं ते दुसरं.

डिजिटल मल्टिमीटरची तऱ्हा उलटी. त्याचा आतला रोध साधारण १० मेगाओहम, त्यामुळे शेजारच्या केबलमुळे मेलेल्या वायरवरही ऐंशी-नव्वद व्होल्टचं भूत दाखवतो. अशी दोन-चार भुतं बघितली की माणूस निर्ढावतो. मग एक दिवस खरं व्होल्टेज दिसलं तरी ‘हे असंच येतं’ म्हणून हात घालतो. या कामासाठी दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर वेगळा मिळतो, आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६१२४३-३ मानकाचा. तो वापरा.

आणि क्रम: आधी टेस्टर चालू सप्लायवर लावून बघा. मग जिथे काम करायचं तिथे लावा, फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, सगळ्या जोड्या. मग पुन्हा त्या चालू सप्लायवर. तिसरी पायरी लोक गाळतात. मधल्या दोन मिनिटांत टेस्टर मेला असेल तर तुम्हाला कोण सांगणार?

जुना_फोरमन:
राग कसला, बरोबर आहे. आमच्या वेळी तर होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब हाच मीटर होता.

मेगर_मामा:
आणि तो दोन फेजमध्ये लावला की तोंडावर फुटायचा.

जुना_फोरमन:
म्हणून दोन बल्ब सिरीजमध्ये घ्यायचे. हे मात्र मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. :)

नाडीपरीक्षा:
(पेशाने डॉक्टर.) फोरमनकाका, त्या दिवशी ईसीजी काढला होता का?

जुना_फोरमन:
नाही. पाणी प्यायलो, दहा मिनिटं बसलो आणि ती वायर घट्ट करून आलो.

नाडीपरीक्षा:
हेच ऐकायची भीती होती.

हाताला मुगाएवढा डाग आणि आत स्नायू शिजलेले, असे रुग्ण बघितलेत. दुसऱ्या दिवशी लघवी गडद तपकिरी झाली म्हणून येतात, तोवर फुटलेल्या स्नायूंचा गाळ मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असतो. करंट छातीतून गेला असेल, शुद्ध हरपली असेल, छातीत धडधडत असेल तर ‘मी ठीक आहे’ या वाक्याला काही किंमत नाही. प्रशिक्षणात हे शिकवत नसतील तर शिकवा.

दुसरं, लोकांना व्होल्टेजची भीती असते, करंटचा अंदाज नसतो. चार्ल्स डालझील या बर्कलीच्या प्राध्यापकाने स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं की पुरुषाला सरासरी १६ मिलिअँपिअरच्या पुढे धरलेली तार सोडता येत नाही. बोटं मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा जोरकस, त्यामुळे मूठ आवळतच जाते. १६ मिलिअँपिअर म्हणजे किती? साधा दिवासुद्धा त्याहून जास्त ओढतो.

थोडं अवांतर, पण या धाग्यावर शोभेल. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवायची पद्धत आपण आज शिकवतो, तिच्यामागे एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. विल्यम कोवेनहोवन, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले. वीज कंपन्यांचे लाइनमन शॉक लागून मरत होते, म्हणून त्या कंपन्यांनी या संशोधनाला पैसे दिले होते. कुत्र्याच्या छातीवर डीफिब्रिलेटरच्या जड पट्ट्या दाबल्या की रक्तदाब थोडा वर जातो, हे त्यांच्या चमूतल्या निकरबॉकरच्या लक्षात आलं, आणि १९६० मध्ये ज्यूड यांच्यासह तिघांनी निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा लाइनमनमुळे सापडलेली विद्या निदान तुमच्या यादीतल्या लोकांना तरी यावी. फक्त आधी सप्लाय काढा, मग माणसाला हात लावा.

गुल_बत्ती:
डॉक्टर, मग ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (जमिनीकडे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवला की झालं की! प्रशिक्षण कशाला?

मेगर_मामा:
झालं नाही. एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात आणि जमिनीकडे काही गेलंच नाही, तर आरसीडीच्या दृष्टीने तुम्ही एक हीटर आहात.

रोकठोक:
सगळं छान. पण पुस्तकी. सप्लाय बंद करून फॉल्ट कसा शोधणार ते सांगा. कॉन्टॅक्टरची कॉइल ओढते की नाही, पीएलसीचं (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) आउटपुट येतं की नाही, हे मेलेल्या पॅनेलमध्ये दिसत नाही. लाइन थांबली की प्रॉडक्शनवाले पाठीशी उभे असतात. तेव्हा तुमचे तीन टप्पे आणि कुलुपं कोणी आठवत नाही. मी १५ वर्षं चालू पॅनेलमध्ये मोजतोय.

अर्धमात्रा:
मोजायला ना नाहीच. निदानासाठी चालू सप्लायवर मोजावं लागतं, हे सगळे नियम मान्य करतात. पण मोजणं वेगळं आणि तिथेच स्क्रू आवळणं वेगळं. फॉल्ट सापडला की हात बाहेर, मेन खाली, कुलूप, तपासणी, मग दुरुस्ती. अपघात बहुधा त्या ‘एवढं एक घट्ट करून टाकतो’मध्ये होतो.

रोकठोक:
ते ‘एवढं एक’ मीही केलंय. ठीक.

भडका:
रोकठोक, मोजण्याबद्दलही दोन शब्द. आयडी गमतीने घेतलेला नाही.

मी मोजत नव्हतो, मोजणाऱ्याच्या शेजारी उभा होतो. मीटरच्या लीडचं टोक दोन बसबारमध्ये (वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांमध्ये) सरकलं. मला आवाज आठवत नाही, फक्त पांढरा उजेड आठवतो आणि नंतर तांब्याचा वास. मोजणाऱ्याच्या हातात रबरी हातमोजे होते, एक हजार व्होल्टचे, तपासणीची तारीख न उलटलेले. शॉक त्याला लागलाच नाही. भाजला मात्र मानेपासून कपाळापर्यंत. माझा शर्ट पॉलिस्टरचा होता, बाहीचा भाग वितळून दंडाला चिकटला. तो सोलून काढताना काय होतं ते लिहीत नाही.

शॉक आणि आर्क हे दोन वेगळे शत्रू आहेत, हे मला हॉस्पिटलात पडल्या पडल्या वाचून कळलं. राल्फ ली नावाच्या इंजिनिअरने १९८२ मध्ये आर्कने होणाऱ्या भाजण्यावर निबंध लिहिला, तोवर या दुसऱ्या शत्रूचा हिशोब कोणी नीट मांडलाच नव्हता. उघड्या त्वचेवर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी पडल्या की दुसऱ्या दर्जाचं भाजणं सुरू होतं. हातमोजे त्याला काय करणार? त्यासाठी कपडे वेगळे, चेहऱ्याचं कवच वेगळं, आणि शेजारी उभं राहून बघणाऱ्याला आधी बाहेर काढणं. मी बघ्या होतो. माझं तिथे काहीच काम नव्हतं.

नाडीपरीक्षा:
भडका, लिहिलंत ते फार बरं केलंत.

रोकठोक:
माझ्याकडे चेहऱ्याचं कवच नाही. उद्या मागतो. नाही मिळालं तर मोजणार नाही. बघू पाठीशी उभे राहणारे काय म्हणतात.

तिसरीपाळी:
खूप दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. तुम्ही सगळे ज्याचं नाव यादीत घालायचं की नाही यावर बोलताय, तो मी.

आमच्याकडे वर्षातून एकदा प्रशिक्षण असतं. ते होतं दुपारी, रात्रपाळी करून घरी जाऊन झोपायच्या वेळेला. दिवे बंद, पडद्यावर इंग्रजी स्लाइडी, शे-सव्वाशे. शिकवणारे साहेब त्या वाचून दाखवतात. आधी हजेरीच्या कागदावर सही, मग झोप. शेवटी दहा प्रश्नांचा पेपर, उत्तरं पुढच्या बाकावरून मागे येतात. सगळे शंभर टक्के पास. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात.

मागच्या वर्षी पंखा चालवणाऱ्या व्हीएफडीचं (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं) कव्हर काढलं. मेन बंद होता. कुलूप होतं. आत टर्मिनलला हात लागला आणि जोरात बसला. नंतर कळलं, ड्राइव्हच्या आत कॅपॅसिटर असतात, ४०० व्होल्टच्या सप्लायला आत साधारण ५६५ व्होल्ट डीसी साठतो आणि सप्लाय काढल्यावर तो उतरायला काही मिनिटं लागतात. किती थांबायचं ते ड्राइव्हच्या अंगावरच छापलेलं असतं. होतं. इंग्रजीत. बारीक. धुळीखाली.

चौकशीत त्यांनी माझी सही दाखवली. म्हणे त्या स्लाइडींमध्ये एक ड्राइव्हची होती. ‘तुला सांगितलं होतं, तू पात्र होतास, चूक तुझी.’

म्हणून विनंती: नाव घालायचं तर खुशाल घाला, पण ते नाव उद्या माझ्याच विरुद्ध वापरायला नको.

शंकासुर:
दादा, गप्प केलंत.

अर्धमात्रा:
तिसरीपाळी, मनापासून सांगते, असे वर्ग मीही घेतले आहेत. सुरुवातीची चार वर्षं. हजेरीचा कागद भरला की माझं बिल निघायचं. कोणाला काय कळलं हे बघायची पद्धतच नव्हती.

आता मी स्लाइडी नेत नाही. एक जुना ड्राइव्ह टेबलावर ठेवते आणि म्हणते, कव्हर काढा. जो माणूस आधी अंगावरची सूचना शोधतो, वेळ लावतो, डीसी टर्मिनलवर मोजतो, त्याच्या नावापुढे खूण. जो थेट स्क्रूला हात घालतो त्याच्याशी मग बोलायचं, त्याच्या भाषेत. सहा जणांना अख्खा दिवस लागतो. व्यवस्थापनाला तो महाग वाटतो. भांडावं लागतं.

आणि शिकलेलं पुसलं जातं हेही खरं. अमेरिकेतलं एनएफपीए ७०ई हे मानक तीन वर्षांच्या आत फेरप्रशिक्षण मागतं. माणूस चुकीच्या पद्धतीने काम करताना दिसला, नवीन यंत्र आलं किंवा एखादं काम तो क्वचितच करत असेल, तर त्याच्याही आधी. तीन वर्षं ही वरची मर्यादा आहे. लोक तिला मुहूर्त समजतात.

कुंपणावरची:
मी मनुष्यबळ विभागात आहे, विजेतलं शून्य कळतं, म्हणूनच विचारते. यादीत नसलेल्यांचं काय? आमच्या पॅनेल रूममध्ये सगळ्यात जास्त वेळा जाणारी व्यक्ती म्हणजे फरशी पुसणाऱ्या मावशी. त्यांच्या हातात ओलं फडकं आणि बादली. परवा रंगारी आला, अ‍ॅल्युमिनियमची शिडी उघड्या केबल ट्रेला टेकवून उभा. त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही, कारण ते ‘इलेक्ट्रिकलचे नाहीत’.

अर्धमात्रा:
ताई, अगदी नेमकं बोट ठेवलंत. अपात्र माणसालाही प्रशिक्षण लागतं, फक्त वेगळं. त्याला दुरुस्ती शिकवायची नाही. काय उघडायचं नाही, कशाला पाणी लावायचं नाही, किती दूर राहायचं आणि कोणाला हाक मारायची, एवढं शिकवायचं. ओशाच्या नियमात ५० किलोव्होल्टपर्यंतच्या डोक्यावरच्या लाइनपासून अपात्र माणसाने स्वतःला आणि हातातल्या लांब वस्तूला १० फूट दूर ठेवायचं आहे. पण त्या रंगाऱ्याला दहा फुटांचा आकडा कोणीतरी सांगायला हवा ना. आणि शिडी फायबरची द्यायला हवी.

गुल_बत्ती:
मावशींना विचारून बघा हं. कोणतं पॅनेल गुणगुणतं आणि कोणत्या दाराला हात लावला की मुंग्या येतात, हे त्यांनाच सगळ्यात आधी माहीत असतं.

कुंपणावरची:
गंमत नाही, आजच विचारलं. म्हणाल्या, ‘तिसरं कपाट चावतं, म्हणून मी ते पुसत नाही.’

मेगर_मामा:
आत्ता, या क्षणी इलेक्ट्रिकल विभागाला फोन करा. अर्थिंग तुटलेलं आहे. बाकी धागा नंतर वाचा.

कुंपणावरची:
केला. पॅनेल बंद केलंय. दाराची अर्थिंगची पट्टी सुटलेली निघाली. हात थरथरतायत माझे.

शंकासुर:
वातावरण हलकं करायला एक कुलूपकथा. आमच्याकडे लॉकआउट (काम होईपर्यंत मेनला कुलूप ठेवायची पद्धत) नवीन आला. प्रत्येकाला लाल कुलूप, एकच चावी, ती आपल्याच खिशात. एक भाऊसाहेब कुलूप लावून, काम संपवून, चावीसकट घरी. फोन बंद. फोरमनने ग्राइंडर आणला, कुलूप कापलं, लाइन चालू. सकाळी भाऊसाहेब आले आणि सरळ त्याच मशीनमध्ये उतरायला निघाले, कारण त्यांच्या मते कुलूप अजून तिथेच होतं. कोणीतरी ओरडलं म्हणून थांबले.

गुल_बत्ती:
यात हलकं काय होतं?

शंकासुर:
हो, लिहिल्यावर माझ्याही लक्षात आलं.

अर्धमात्रा:
दुसऱ्याचं कुलूप काढायला बंदी नाही, पण आधी तो आवारात नाही याची खात्री, मग त्याला गाठायचा प्रयत्न, आणि कामावर परतल्यावर मशीनला हात लावण्याआधी त्याला सांगणं. तुमच्याकडे हे तिसरं राहिलं.

तारतम्य:
तीन आठवड्यांनी येतोय, सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मूळ प्रश्नाचं काय झालं ते सांगतो.

माणसांची यादी फाडली. आता तक्ता आहे. आडव्या ओळीत कामं: बाहेरून रीसेट, चालू पॅनेलमध्ये मोजणं, सप्लाय नाही याची खात्री करणं, कॉन्टॅक्टर बदलणं, ड्राइव्ह उघडणं, दुसऱ्या पॅनेलमधून सप्लाय येणारी सर्किटं ओळखणं. उभ्या ओळीत नावं. काम समोर करून दाखवलं की त्या चौकोनात बघणाऱ्याची सही आणि तारीख. म्हणजे उद्या चौकशी झाली तर सही त्याची नाही, बघणाऱ्याची. (तिसरीपाळी, हे तुमच्यामुळे.) कंत्राटदाराच्या लोकांनाही हाच तक्ता. चेहरा बदलला की चौकोन कोरे.

ऑपरेटरच्या मशीनचं रीसेट बटण दारावर आलं. ट्रिप होण्याचं कारण पंपाचं घासणारं बेअरिंग निघालं. रिले बिचारा वर्षभर खरं सांगत होता.

परीक्षेसाठी २४ व्होल्ट एसीची एक फळी बनवली. मीटरची एक लीड आतून तोडून ठेवली आणि म्हटलं, सप्लाय नाही याची खात्री करा. परवानावाल्या मुलाने आधी शेजारच्या चालू सॉकेटवर मीटर लावला, शून्य आलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘सर, हा मीटर देऊ नका.’ म्हणजे त्या दिवशीही तो घाबरून माझ्याकडे बघत नव्हता. सप्लाय कोणी काढलाय हे विचारायचं होतं, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याला धीर झाला नाही.

२२ वर्षंवाले गृहस्थ फळीवर थेट गेले, शून्य बघितलं, ‘बंद आहे’ म्हणाले. मी लीड दाखवली. काही बोलले नाहीत. दुसरा, चांगला मीटर घेतला, माझ्या हातात दिला. ‘आता तुम्ही.’ मी मोठ्या ऐटीत चालू सॉकेटवर लावला, २३० दाखवलं. तेवढ्यात त्यांनी ‘लीड नीट बसवतो’ म्हणून मीटर क्षणभर घेतला आणि परत दिला. फळीवर लावला, शून्य. ‘बंद आहे,’ मी म्हणालो. त्यांनी डायलवर बोट ठेवलं. काटा डीसीवर होता. एसी मोजताना डीसीवर शून्यच येणार. आणि तिसरी पायरी, पुन्हा चालू सप्लायवर लावून बघायची, ती मी गाळली होती.

आम्हा दोघांचेही ते चौकोन कोरे आहेत. पुढच्या मंगळवारी पुन्हा बसतोय.

मेगर_मामा:
मीटर हातातून सोडायचा नसतो. पण त्या गृहस्थांना शिकवायला बसवा, लगेच.

जुना_फोरमन:
त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि सहज विचारा, नारिंगी वायर म्हणजे काय.

तारतम्य:
विचारलं. म्हणाले, ‘शिल्लक राहिलेली वायर वापरली असेल.’ तो चौकोनही कोरा.